संहितेत नसलेला हशा

मार्तंडराव पोतनिसांनी जन्मात एकच नाटक लिहिलं आणि त्याचा एकच प्रयोग झाला. १९९४ सालच्या डिसेंबरात, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात, अकरा प्रेक्षकांसमोर. अकरा हा आकडा त्यांच्या पत्नीने, लतिकाबाईंनी, विंगेतून मोजलेला असल्यामुळे त्यात घासाघीस करायला जागा नव्हती. त्यातले चार पोतनीसच होते आणि दोघे सतरंज्या परत न्यायला लवकर आले होते.

नाटकाचं नाव 'सत्कारमूर्ती हजर आहेत'. उभ्या आयुष्यात ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही अशा एका म्हाताऱ्या कवीचा गावकरी सत्कार ठरवतात. व्यासपीठ सजतं, निवेदिका बोलत सुटते, पण प्रमुख पाहुणे काही येत नाहीत. शेवटी त्यांच्या रिकाम्या खुर्चीलाच नमस्कार करून सगळा सोहळा उरकला जातो. मानपत्र वाचून झालं की म्हातारा उठतो आणि म्हणतो, "मानपत्र इतकं सुंदर होतं, की शेवटी नाव कोणाचं येतं याची मलाच उत्सुकता लागली होती."

या वाक्याखाली मार्तंडरावांनी कंसात लिहून ठेवलं होतं: (हशा. थांबावे.)

त्या प्रयोगात म्हाताऱ्याची भूमिका त्यांनी स्वतःच केली होती. वाक्य म्हणून ते कंसात लिहिल्याप्रमाणे थांबले. लतिकाबाई प्रॉम्प्टर होत्या. हशा ओसरायला वेळ द्यायचा म्हणून त्यांनी बोटांवर चार मोजायचे आणि मग पुढचा शब्द द्यायचा, असं ठरलेलं होतं. त्यांनी चार मोजले. दुसऱ्या रांगेत कुणीतरी शिंकलं. याखेरीज काही झालं नाही. मार्तंडराव तसेच उभे होते, तोंड थोडं उघडं, डोळे प्रेक्षकांवर. शेवटी लतिकाबाईंनी विंगेतून हळूच पुढचा शब्द दिला. तो शब्द होता, "असो."

तिथून तीस वर्षं गेली. हिंगण्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसला मार्तंडराव कामगारांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहीत राहिले आणि निवृत्तही झाले. पण मनाने ते त्या व्यासपीठावरून खाली उतरलेच नाहीत. माणसं पेन्शनची वाट पाहतात, हे गृहस्थ एका हशाची वाट पाहत होते. वाक्य चोख आहे, माणसं चुकीची होती, असं त्यांचं ठाम मत होतं. सहा महिने घासून बसवलेलं वाक्य होतं ते. लग्नाकार्यात, पंगतीत, एकदा तर तेराव्याला त्यांनी ते लोकांना ऐकवून पाहिलं होतं. लोक माना डोलवत. मान डोलवणं म्हणजे हसणं नव्हे, हे त्यांना कळत होतं आणि ते आतून जळत होते.

धरमपेठेतलं नाट्यसोबती मंडळ दरवर्षी एका ज्येष्ठ रंगकर्मीचा सत्कार करत असे. ज्येष्ठांचा साठा हळूहळू संपत आला होता. सप्टेंबरच्या अखेरीस मंडळाचे सचिव आनंदराव घरी आले आणि चहाचा कप हातात येताच म्हणाले, "मार्तंडराव, यंदा तुमचं ठरवून राहिलो आम्ही."

"यादीत तर वणीकर होते ना?"

"ते गेले ना गणपतीत," आनंदराव म्हणाले. वणीकर जणू पुण्याला मुलाकडे गेले होते.

मार्तंडरावांना राग आला आणि त्याच वेळी मान आपोआप होकारार्थी हलली. पण ती हलता हलता त्यांनी मध्येच थांबवली. "एक अट आहे. सत्काराच्या आधी माझ्या नाटकातला शेवटचा प्रवेश व्हायला पाहिजे. बारा मिनिटं."

"बारा मिनिटं जास्त होतात जी. पाहुणे लकडगंजचे आहेत, गोपाळराव प्लायवूडवाले. शाल, नाश्ता, सगळं त्यांच्याकडून आहे. त्यांना साडेसातला एका लग्नात पोहोचायचं आहे."

"मग सत्कार राहू द्या."

आनंदरावांनी चहाचा घोट घेत मनातल्या मनात यादी चाळली. मार्तंडरावांच्या खालची दोन नावं दवाखान्यात होती. त्यांनी प्रवेश मान्य केला.

म्हाताऱ्याच्या भूमिकेला बँकेत नोकरी करणारा ऋषिकेश मिळाला. वय चौतीस, पण अंगात कला होती. निवेदिका म्हणून हिमानी. ती कॉलेजात शिकवायची आणि मंडळाच्या खऱ्याखुऱ्या कार्यक्रमांचं निवेदनही तीच करायची. तीन आठवडे तालमी झाल्या. म्हणजे बारा मिनिटांच्या प्रवेशाच्या दोन, आणि बाकी सगळ्या त्या एका वाक्याच्या.

"'मलाच'वर जोर देऊ नको," मार्तंडराव सांगायचे. "'नाव'वर दे. आणि मग थांब."

"काका, हशा नाही आला तर?"

"येईल."

"नाहीच आला तर किती थांबू?"

कोपऱ्यात बसलेल्या लतिकाबाई म्हणाल्या, "चार." त्यांच्या मांडीवर संहिता होती. ती उघडण्याची त्यांना गरज पडत नसे.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. सभागृहात साठेक माणसं जमली होती. मार्तंडरावांनी ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा समाधान पावले. ते आणि लतिकाबाई पहिल्या रांगेत बसले. गोपाळरावांचा पत्ता नव्हता. साडेसहा झाले तशी आनंदरावांनी हिमानीला खूण केली, "करा सुरू, आधी प्रवेश होऊन जाऊ द्या," आणि स्वतः पुष्पगुच्छ घेऊन रस्त्याकडच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

व्यासपीठावर नाटकातला सत्कारसोहळा मांडलेला होता. टेबल, माइक, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर पावडरीने केस पांढरे केलेला ऋषिकेश. दुसरी रिकामी, आणि तिच्या पाठीला कागद चिकटवलेला: 'प्रमुख पाहुणे'. टेबलावर तबक, तबकात शाल आणि नारळ. तबक मंडळाकडे एकच होतं, त्यामुळे खऱ्या सत्काराचंच तबक नाटकाला घेतलं होतं. एवढ्याशा काटकसरीने पुढे काय होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हिमानी बोलायला लागली. तीच माइकवाली हिमानी, तीच साडी, तोच दरवर्षीचा आवाज. नुकतीच तिने आलेल्यांना मोबाइल बंद ठेवायची विनंती केली होती, आणि आता त्याच सुरात ती म्हाताऱ्या कवीचं कौतुक करत होती. नाटक नेमकं कुठे सुरू झालं हे अर्ध्या सभागृहाला कळलंच नाही.

इकडे गोपाळरावांच्या ड्रायव्हरने गाडी मागच्या गल्लीत लावली. गोपाळराव मागच्या दाराने आत आले, विंगेतून डोकावले. समोर माइकवर बाई बोलत होती, एक म्हातारा अवघडून बसला होता, आणि शेजारी 'प्रमुख पाहुणे' लिहिलेली खुर्ची रिकामी होती. वर्षातून चाळीस सत्कार करणाऱ्या माणसाने आणखी काय पाहायचं? ते तडक गेले, लोकांना हात जोडले आणि खुर्चीवर बसले.

ऋषिकेशने त्यांच्याकडे पाहिलं. हिमानीने पाहिलं. पण शिस्तीची मुलगी, संहिता सोडायची नाही हे तिला पक्कं शिकवलं होतं. ती म्हणाली, "प्रमुख पाहुण्यांना मी विनंती करते, की त्यांनी सत्कारमूर्तींना शाल आणि श्रीफळ अर्पण करावं."

हे वाक्य रिकाम्या खुर्चीसाठी लिहिलेलं होतं. या वेळी खुर्चीतून गोपाळराव उठले.

गोपाळरावांनी सराईत हाताने शालीची घडी मोडली, ऋषिकेशच्या खांद्यावर टाकली, नारळ त्याच्या हातात दिला आणि त्याला कोपराला धरून फोटोसाठी वळवलं. फोटोग्राफरने फोटो काढला. मग गोपाळरावांनी माइक ओढून घेतला, खिशातली चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "मार्तंडराव पोतनीस याईनं नागपूरच्या रंगभूमीची लय सेवा केली. मी तं याईचे नाटकं लहानपणापासून पाहून राहिलो."

गोपाळराव बासष्टचे होते. पावडरीखालचा ऋषिकेश चौतीसचा. सभागृहात चिडीचूप. हसावं तर खरा सत्कार असायचा, न हसावं तर नाटक असायचं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते.

गोपाळराव खाली बसले. हिमानीने मानपत्र वाचलं. ऋषिकेश उठला, अंगावर शाल, हातात नारळ, आणि त्याने ते वाक्य म्हटलं. शिकवलं होतं तस्संच. 'नाव'वर जोर, 'मलाच'वर नाही. मग तो थांबला.

लतिकाबाईंची बोटं मांडीवर हलली. एक, दोन, तीन, चार. साठ माणसांतून हूं की चूं नाही. डोक्यावर पंखा करकरत होता. मार्तंडरावांना वाटलं, आत्ता इथेच जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. अकरांपुढे मेलेलं वाक्य साठांपुढे पुन्हा मेलं होतं. आणि या वेळी तर माणसं चुकीची होती असंही म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात पुष्पगुच्छ सांभाळत, धापा टाकत आनंदराव विंगेतून आले. गोपाळरावांच्या कानाशी लागले, पण माइक मध्येच होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं. "साहेब, हे नव्हेत. हे नाटकातले आहेत. खरे खाली बसले आहेत."

"म्हंजे हे खोटे हायेत?"

"हो."

"मंग पयले सांगा लागत होतं ना गा. शाल एकच पाठवली मी."

मागच्या रांगेतून एक हसू फुटलं. गोपाळरावांनी ऋषिकेशच्या खांद्यावरून शाल ओढून घेतली. नारळाला हात घातला, तर ऋषिकेशने घाबरून तो पोटाशी घट्ट धरलेला. दोघांची ओढाताण झाली. हसू सगळीकडे पसरलं. नारळ एकदाचा काबीज करून गोपाळराव व्यासपीठाच्या कडेला आले, कपाळावर हात धरून अंधारात पाहू लागले. "खरे कोण हायेत? या ना वर."

मार्तंडराव उठले. पायऱ्या चढताना त्यांचा पाय धोतरात अडकला. धोतर खास आजच्यासाठी नेसलेलं होतं. ते समोर येऊन उभे राहिले, तेव्हा गोपाळरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शाल हातातच ठेवली आणि आनंदरावांना विचारलं, "नक्की हेच ना?"

सभागृह कोसळलं. माणसं मांड्यांवर थापा मारत होती, बायका पदराने डोळे पुसत होत्या. कुणीतरी उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं तशी सगळीच उभी राहिली. पहिल्या रांगेत लतिकाबाई तेवढ्या बसलेल्या होत्या. सवयीने त्यांची बोटं मोजत होती. त्या एकतीसपर्यंत पोहोचल्या.

अंगावर शाल घेऊन मार्तंडराव त्या हशात उभे होते. तीस वर्षं मागितलेली चीज समोर आली होती, आणि तिच्यात त्यांचा एक शब्दही नव्हता. त्यांना रडू येत होतं. लोकांना तो अभिनय वाटला.

नाश्त्याला समोसे होते. मार्तंडरावांच्या हातातला समोसा कुणी खाऊच देईना. "काय जागा काढली हो तुम्ही!" "त्या प्लायवूडवाल्यांनी काय बेमालूम काम केलं!" "नाटक आणि सत्कार यांची सरमिसळ, वा, फार वरचं लेखन." शिकलेली माणसं होती ती. एवढं हसल्यावर ते चुकून हसलो असं म्हणवत नाही माणसाला. मग एका वर्तमानपत्राचा वार्ताहर वही घेऊन आला. "सर, शालीचा तो प्रसंग मूळ संहितेतच होता का?"

मार्तंडरावांनी लतिकाबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"हो," ते म्हणाले. "चौऱ्याण्णव सालापासून."

मंगळवारी ते छापून आलं, फोटोसकट. फोटोत शाल ऋषिकेशच्या अंगावर होती. बुधवारी सकाळी आनंदराव खुद्द गोपाळरावांना घेऊनच घरी हजर. गोपाळरावांनी बूट काढले, सोफ्याच्या टोकाशी बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"मले लय लाज वाटली होती जी त्या दिवशी," ते म्हणाले. "लग्नात गेलो तं जेवण गोड लागलं नाही. वाटलं, साठ लोकाईपुढं फजिती झाली आपली. मंग पेपर वाचला अन् जीव भांड्यात पडला. तुमी मले मुद्दाम तिथं बसवलं. तुमच्या डोक्यात ते तीस साल पयलेच होतं."

मार्तंडरावांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"तीन प्रयोग करू," गोपाळराव म्हणाले. "पयला लकडगंजात, आमच्या व्यापाऱ्याईच्या हॉलमंदी. खर्चाचं पाहाचं नाही. पर माह्या रोल मीच करीन." मग ते जरा घुटमळले. "अन् मले ते पान पाहाचं होतं. मी इतक्या लोकाईले शाली दिल्या, पर माह्याविषयी कोणी कागदावर काही लिहिलं नाही. मले घरी दाखवाचं हाय."

खोटं एकट्याचं होतं तोवर गिळता येत होतं. आता त्यात दुसऱ्या एका माणसाची अब्रू येऊन बसली होती, आणि तो माणूस समोर डोळ्यांत पाणी आणून पाहत होता.

"संहिता बांधायला दिली आहे," मार्तंडराव म्हणाले. "शनिवारी या."

गुरुवारी दुपारी त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली. चौऱ्याण्णव साली त्यांनी नाटक लिहिलं होतं ते कारखान्याच्या जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यातला एक गठ्ठा उरला होता, कडा पिवळ्या पडलेला. त्यांनी त्यातला एक कागद काढला, जुन्या शाईच्या पेनात शाई भरली आणि बैठक मारून तीस वर्षांपूर्वीचं पान लिहायला घेतलं.

"'आपण हे पूर्वीच कळवावयास हवे होते,'" ते पुटपुटत लिहू लागले. "'मी एकच शाल...'"

"तो तसं नाही म्हणाला," दारातून लतिकाबाई म्हणाल्या.

"मग काय म्हणाला?"

त्या येऊन समोर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोण कुठे वळला, नारळ कितीदा ओढला, 'खोटे' कसं म्हटलं, 'नक्की हेच ना'च्या आधी किती वेळ थांबला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मार्तंडराव लिहीत गेले. टाइम ऑफिसात शिफ्टच्या वेळा लिहायचे तेही असंच, मान खाली घालून.

मध्येच ऋषिकेशचा फोन आला. "काका, एक सुचवू? ते मानपत्राचं वाक्य काढून टाकायचं का? तिथे सगळं थंड पडतं. त्यानंतर लगेच शालीची गंमत आहे, तिला मार बसतो."

"बघतो," मार्तंडराव म्हणाले आणि फोन ठेवला.

संहितेतून त्यांनी ते वाक्य असलेलं मूळ पान काढून शेजारी ठेवलं. मग त्यांनी नवा पिवळा कागद घेतला आणि प्रवेश पहिल्यापासून उतरवला. मानपत्र संपलं, त्याखाली म्हाताऱ्याचं वाक्य आलं नाही, थेट आनंदराव धावत आले. 'नक्की हेच ना?' लिहून झालं तेव्हा त्यांनी त्याच्या खाली कंस टाकला आणि कंसात लिहिलं: हशा. थांबावे.

"जुन्या पानाचं काय करायचं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"फाडून टाक. कुणी दोन्ही पानं पाहिली तर पंचाईत होईल."

लतिकाबाईंनी जुनं पान उचललं, एकदा आडवं आणि एकदा उभं फाडलं आणि तुकडे मुठीत धरले.

"मला पाठ आहे ते," त्या म्हणाल्या.

मार्तंडराव कागदावर टीपकागद दाबत होते. लतिकाबाईंनी भिंतीकडे पाहत ते वाक्य म्हटलं, कसलाही अभिनय न करता. "मानपत्र इतकं सुंदर होतं, की शेवटी नाव कोणाचं येतं याची मलाच उत्सुकता लागली होती." जोर 'नाव'वर होता. मग त्या थांबल्या आणि त्यांची बोटं मांडीवर एकेक करून मिटत गेली. मार्तंडरावांनी मान वर केली नाही. खाली रस्त्यावर एक भाजीवाला ओरडत गेला.

चार झाल्यावर लतिकाबाई म्हणाल्या, "असो," आणि तुकडे टाकायला उठल्या.